डॉक्टरांशी झालेले बोलणे कागदावर यायलाच हवे

कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा दावा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर येऊन ठरतो. हा आकडा डॉक्टर लिहितात: कमाईची क्षमता किती टक्के गेली. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरवलेल्या गुणकाने गुणतात. 2020 च्या अधिसूचनेने या हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा 15 हजार रुपये केली. वय 30 असेल तर चौथ्या अनुसूचीतला गुणक 207.98 आहे. म्हणजे 9 हजार गुणिले 207.98, एकूण 18 लाख 71 हजार 820 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर याच रकमेचे तेवढे टक्के मिळतात. या हिशोबात एका टक्क्याची किंमत 18 हजार 718 रुपये होते. डॉक्टरांनी 30 ऐवजी 10 लिहिले, तर मजुराच्या घरातून पावणेचार लाख रुपये जातात. 10 ऐवजी 30 लिहिले, तर तेवढाच भुर्दंड मालकाला किंवा विमा कंपनीला बसतो.

इतक्या महाग आकड्याआधी डॉक्टरांशी कोण बोलले, काय बोलले, कोणते कागद पुढे ठेवले, हे दुसऱ्या बाजूला कळायला हवे. आपल्याकडे ते कळावे यासाठी स्पष्ट नियम नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही उणीव सगळ्यात जास्त जाचते. ती भरून काढायला फार मोठा कायदा लागत नाही.

कायदा काय सांगतो

हा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलात आला, तेव्हा त्याचे नाव कामगार भरपाई कायदा होते. 2009 च्या दुरुस्तीने ते बदलले. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली असून भरपाईचा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला आहे. वैद्यकीय तपासणीची चौकट मात्र बव्हंशी जुनीच आहे. त्याआधीच्या अपघातांचे अनेक दावेही जुन्या कायद्याखालीच चालू आहेत. म्हणून जुनी कलमे नीट पाहणे गरजेचे आहे.

पहिल्या अनुसूचीत काही जखमांचे टक्के ठरवून दिलेले आहेत. अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटे गेली तर 50, तर्जनी पूर्ण गेली तर 14, तर्जनीचे फक्त टोक गेले आणि हाड शाबूत राहिले तर 5. अशा दाव्यांत डॉक्टरांच्या मताला फारसा वाव नसतो, कारण जखम पाहिली की आकडा ठरतो. वाद होतो तो अनुसूचीत न बसणाऱ्या जखमांवर. गुडघा आखडला, हाड वाकडे जुळले, मणका दबला, खांदा वर जात नाही. अशा वेळी कलम 4 नुसार पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने कमाईच्या क्षमतेतली घट ठरवायची आणि ती ठरवताना अनुसूचीतल्या टक्क्यांचे भान ठेवायचे.

हा पात्र व्यावसायिक कोण? व्याख्येनुसार ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे असा कोणीही. तो अस्थिरोगतज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. त्याने रुग्णावर उपचार केलेले असावेत असेही नाही. दोन्ही बाजूंना तो मान्य असावा किंवा सरकारी यादीतला असावा, अशीही अट नाही.

कलम 11 मालकाला एक हक्क देते. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत त्याने आपल्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणीची तयारी दाखवली, तर मजुराला ती करून घ्यावी लागते. नकार दिला किंवा अडथळा आणला, तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. तपासणी न होता मजूर त्या मुदतीत कामाचा परिसर आपणहून सोडून गेला, तरी हक्क स्थगित होतो. नाइलाज होता हे पटवून दिले तर सवलत मिळण्याची तरतूद आहे.

1924 च्या नियमांत तपासणीबद्दल बारकाईने विचार केलेला दिसतो. पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदाच तपासणी सक्तीची करता येते. संमतीशिवाय रात्री बोलावता येत नाही. हालचाल करण्याच्या स्थितीत नसलेल्या मजुराला फरफटत नेता येत नाही. स्त्री कामगाराच्या तपासणीसाठी वेगळे संरक्षण आहे. शंभर वर्षांपूर्वी वेळ, अंतर, खेपा, स्त्रीची प्रतिष्ठा या सगळ्याचा विचार झाला. पण मालकाने पाठवलेल्या डॉक्टरशी मालकाने काय बोलावे, त्याच्याकडे कोणते कागद द्यावेत, त्याची प्रत मजुराला द्यावी की नाही, याबद्दल एक ओळ नाही.

ज्या ब्रिटिश कायद्यांच्या धर्तीवर आपला कायदा आला, त्यांत सरकारने नेमलेल्या तटस्थ वैद्यकीय पंचाकडे जाण्याची वाट होती. ती वाट आपल्याकडे आली नाही. आपल्याकडे आले ते दोन बाजूंचे दोन डॉक्टर, आणि त्यांच्यामध्ये निर्णय देणारा आयुक्त.

नंदुरबारहून डॉक्टरांपर्यंतची वाट

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तीत सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा या तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही शहाद्याच्या आणि नवापूरच्या कारखान्यांकडे, काही पश्चिम महाराष्ट्रात, आणि मोठ्या संख्येने दक्षिण गुजरातेत बारडोली, चलथाण, गणदेवीच्या पट्ट्यात. बाकीचे सुरतेच्या बांधकामांवर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत चालणारे काम, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत अपघात झाला की पुढे काय घडते ते जवळून पाहू. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरतो आणि गुडघ्याला मार बसतो. मजुराला दवाखान्यात नेतो मुकादम किंवा वाहतूक ठेकेदाराचा माणूस. मजूर पावरी किंवा भिलोरी बोलतो, डॉक्टर गुजराती किंवा मराठी. डॉक्टर विचारतात, कसे लागले? उत्तर देतो सोबत आलेला माणूस. केस पेपरवर चार शब्दांची नोंद होते. ती नोंद ‘ऊस भरताना ट्रकवरून पडला’ अशी असेल, तर दावा उभा राहतो. ‘घरी पडला’ अशी असेल, तर पुढे दोन वर्षे ती खोडून काढण्यात जातात. आपल्या नावावर काय लिहिले गेले हे मजुराला माहीतही नसते. एका बाजूने डॉक्टरशी खासगीत केलेल्या संपर्काचे हे सगळ्यात साधे रूप आहे. त्यात लाच नाही, दमदाटीही असेलच असे नाही. फक्त एक बाजू बोलली आणि दुसरी गप्प राहिली.

त्यानंतर बहुतेक मजूर गावी परततात. परगावी पालात राहून मोडलेल्या पायाची शुश्रूषा होत नाही. पण कलम 11 मधली परिसर न सोडण्याची अट त्यांना ठाऊक नसते, आणि ‘तपासणीला हजर राहिला नाही’ असा बचाव त्यातूनच उभा राहतो. 1995 च्या दुरुस्तीने एक मोठी सोय झाली. अपघात गुजरातेत झाला असला, तरी कामगार जिथे नेहमी राहतो तिथल्या आयुक्तापुढे दावा करता येतो. त्यासाठी दावा करणाऱ्याला सुरतेच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पण दावा इकडे आणि पहिला केस पेपर तिकडे, अशी फारकत होते. तिकडच्या दवाखान्याशी मालकाचे रोजचे संबंध असतात, मजुराचे काहीच नसतात.

त्यातच ‘हा मजूर कोणाचा’ हा वाद वेगळा चालतो. मुकादम म्हणतो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो कारखान्याचा, कारखाना म्हणतो आमच्या हजेरीपटावर नाव नाही. कलम 12 नुसार मूळ काम ज्याचे, त्याच्यावर जबाबदारी टाकता येते. पण उसाच्या फडातल्या हातकामाला हा कायदा लागू होतो का, इथपासून वाद घातला जातो. वाहनाचा विमा असेल तर विमा कंपनी पक्षकार होते आणि तिचा तपासनीस दवाखान्यात चौकशीला जातो.

दोन्हीकडून बिघडलेले दाखले

या विषयात एकच बाजू दोषी आहे असे म्हटले, तर ते खोटे ठरेल. दावा करणाऱ्यांच्या बाजूनेही दाखल्यांचा बाजार चालतो. कधीही उपचार न केलेल्या डॉक्टरकडे दलालामार्फत जायचे आणि दहा मिनिटांत मोठ्या टक्क्यांचा दाखला घेऊन यायचे, हा प्रकार न्यायालयांना परिचित आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या संदर्भात याबद्दल स्पष्ट इशारा दिला. उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीकडे सावधपणे पाहा, उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व मोजणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा, नुसता दाखला पुढे केला म्हणजे तो सिद्ध झाला असे समजू नका, आणि गरज वाटल्यास वैद्यकीय मंडळाकडे पाठवा, असे त्यात सांगितले आहे.

त्याच निकालाने आणखी एक गोंधळ दूर केला. एका पायाचे 40 टक्के अपंगत्व म्हणजे सबंध शरीराचे 40 टक्के नव्हे, आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्केही नव्हेत. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, हात गेलेला सुतार किंवा चालक राहू शकत नाही. हेच तत्त्व भरपाई कायद्याखाली 1975 च्या प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात मांडले गेले होते. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली, असे न्यायालयाने मानले. म्हणून जिल्हा रुग्णालयातून मिळणारा दिव्यांगत्वाचा दाखला हा सवलतींसाठी उपयोगी असला, तरी भरपाईच्या दाव्याचे उत्तर त्यात असेलच असे नाही. ऊस तोडणाऱ्या बाईचा मनगटाचा सांधा किती अंश वळतो एवढ्याने भागत नाही; त्या मनगटाने ती कोयता चालवू शकते का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे.

हे विचारण्यासाठी डॉक्टरांना कामाची माहिती लागते. ती कुठून येते? ‘हलके काम होते’ असे ठेकेदाराने कानावर घातले, तर टक्के कमी होतात. ‘दिवसाला दोन टन ऊस तोडायचा’ असे दलालाने वाढवून सांगितले, तर जास्त होतात. दोन्ही विधाने अहवालात दिसत नाहीत, दिसतो फक्त आकडा. उलटतपासणीत वकील आकड्यावर प्रश्न विचारतो. त्या आकड्यामागचे बोलणे त्याच्या हाती लागत नाही.

वरच्या न्यायालयात चूक दुरुस्त होईल असा भरवसाही ठेवता येत नाही. कलम 30 खालचे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते आहे. गोल्ला राजण्णा प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तुस्थितीबाबत आयुक्ताचा निष्कर्ष अंतिम मानावा, उच्च न्यायालयाने टक्के पुन्हा मोजू नयेत. मजुरांच्या दृष्टीने हा निकाल हिताचाच आहे, कारण त्यामुळे दावे वर्षानुवर्षे लोंबकळत नाहीत. पण त्याचा अर्थ असाही होतो की डॉक्टरांच्या टेबलावर जे बिघडले, ते पुढे सहसा सुधारत नाही.

हाताशी असलेले नियम

खासगी संपर्काबद्दल थेट नियम नसला, तरी आधार घेण्यासारखे नियम आहेत. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराची 2002 ची विनियमावली पाहा. खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला देणे हे गैरवर्तन आहे आणि त्यासाठी नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची, तीत रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची एक खूण नोंदवायची, प्रत जपायची, अशी सक्ती आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यायची आहेत. आणि उपचारात कळलेली रुग्णाची माहिती, न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजके अपवाद वगळता, बाहेर फोडायची नाही. विमा कंपनीचा तपासनीस मजुराच्या संमतीशिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून माहिती घेत असेल, तर हा शेवटचा नियम तिथे लागू होतो.

आयुक्ताकडेही अधिकार आहेत. कलम 23 नुसार तो साक्षीदाराला बोलावू शकतो आणि कागद हजर करायला लावू शकतो. कलम 20 नुसार विषयातल्या जाणकाराला मदतीला घेऊ शकतो. दुसऱ्या बाजूला न दाखवलेल्या पुराव्यावर निकाल द्यायचा नाही, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तर कायम आहेच. राज्य कर्मचारी विमा योजनेत अपंगत्व ठरवायला वैद्यकीय मंडळ आणि त्यावर अपिलाची सोय आहे. पण ऊसतोडीचा मजूर त्या छत्राबाहेर राहतो.

बाहेरचा अनुभव

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. तिथे वाद असलेल्या दाव्यात मूल्यमापन करणाऱ्या डॉक्टरला एखाद्या बाजूने कागद पाठवायचे असतील, तर ते 20 दिवस आधी दुसऱ्या बाजूला द्यावे लागतात. दुसऱ्या बाजूला कळू न देता डॉक्टरशी बोलणे किंवा लिहिणे मना आहे. नियम मोडला तर दुखावलेली बाजू ती तपासणी रद्द करून नवा डॉक्टर मागू शकते, आणि खर्च नियम मोडणाऱ्याकडून वसूल होतो. जखमी कामगाराने तपासणीच्या वेळी डॉक्टरशी केलेले बोलणे या बंदीतून वगळलेले आहे. अगदी नगण्य संपर्काने सगळी प्रक्रिया उधळू नये, याचाही विचार तिथल्या न्यायालयांनी केला आहे.

इंग्लंडमध्ये दिवाणी दाव्यांत तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी असते, पैसे देणाऱ्या बाजूशी नाही. दोन्ही बाजूंनी मिळून एकच तज्ज्ञ नेमला असेल, तर एकाच बाजूने त्याच्याशी स्वतंत्र बैठक घेऊ नये, असे तिथल्या अपील न्यायालयाने 2001 मध्ये पीट प्रकरणात सांगितले.

कॅलिफोर्नियाची यंत्रणा मोठी आणि खर्चिक आहे, ती जशीच्या तशी उचलून धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात आणता येणार नाही. आणायचे ते तिच्यातले तत्त्व. उपचार करणाऱ्या डॉक्टरशी रुग्ण, नातेवाईक, सहकारी मोकळेपणाने बोलणारच आणि बोललेच पाहिजे. मूल्यमापन करणाऱ्या डॉक्टरशी होणारा संपर्क मात्र उघड असावा.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की आधीच डॉक्टर कमी आहेत. नियमांचा जाच वाढवला तर ते अशा दाव्यांना हातच लावणार नाहीत. ही भीती खरी आहे. साक्षीला दिवस मोडतो म्हणून अनेक डॉक्टर आजही टाळाटाळ करतात. पण संपर्काची नोंद ठेवण्याचा नियम डॉक्टरचे रक्षणही करतो. कोणी दबाव आणला तर ‘जे सांगायचे ते लिहून द्या, प्रत दुसऱ्या बाजूला जाईल’ एवढे म्हणायची सोय होते.

दुसरा आक्षेप संघटनांकडून येतो. आदिवासी मजूर एकटा डॉक्टरसमोर बोलू शकत नाही, त्याच्यासोबत कार्यकर्ता लागतो. बंदी आली तर हाच आधार तुटेल. म्हणून सोबत असण्यावर बंदी नको. सोबत कोण होते आणि मजुराच्या वतीने काय बोलले, याची अहवालात नोंद हवी.

तिसरा आक्षेप वेळेचा. कागदांची देवाणघेवाण करत बसलो तर भरपाई आणखी लांबेल. कायद्यात एक महिन्याची मुदत, 12 टक्के व्याज आणि दंडाची तरतूद असूनही दावे लांबतात, हे खरेच आहे. पण आज वेळ जातो तो दोन परस्परविरोधी दाखल्यांच्या भांडणात. एकच उघड, कारणांसह लिहिलेला अहवाल आला तर हे भांडणच आटोपते घेता येईल.

काय करता येईल

राज्य सरकारला संहितेखाली नियम करण्याचा अधिकार आहे. त्यात पुढच्या गोष्टी घालाव्यात. मूल्यमापन करणाऱ्या डॉक्टरला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत दुसऱ्या बाजूला किमान दहा दिवस आधी द्यावी. तारीख-वेळ ठरवण्याखेरीज एकतर्फी तोंडी संपर्क करू नये. झालाच तर डॉक्टरांनी तो अहवालात लिहावा. अहवालात टक्क्यांसोबत कारणे, तपासणीची मोजमापे आणि मजुराच्या कामाचे वर्णन असावे. हे वर्णन दोन्ही बाजूंच्या सहीने आधीच डॉक्टरकडे जावे. दुभाष्या मुकादम, ठेकेदार किंवा दलाल नसावा. नियम मोडला तर नवी तपासणी आणि तिचा खर्च मोडणाऱ्यावर.

यासाठी सगळे काही मुंबईतून येण्याची वाट पाहायला नको. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या वैद्यकीय मंडळाने भरपाईच्या दाव्यांसाठी महिन्यातला एक दिवस ठेवला, पावरी, भिलोरी आणि मावची जाणणारे कर्मचारी त्या दिवशी नेमले, आणि आयुक्ताने वादग्रस्त दावे तिथे पाठवले, तर बराच गुंता सुटेल. डॉक्टरांची साक्ष व्हिडिओद्वारे घेतली तर त्यांचा दिवसही मोडणार नाही. गुजरातेतल्या दवाखान्यांचे मूळ केस पेपर पहिल्याच तारखेला मागवून घेण्याची पद्धत आयुक्ताने पाडावी.

मजुरांसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठी सांगणे इतकेच. अपघात झाल्यावर डॉक्टरांना आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत, कामावर लागले हे सांगा आणि केस पेपरवर तसे लिहिले आहे का ते वाचून घ्या. गावी परतण्याआधी मालकाला लेखी कळवा आणि त्याची पोच जपा. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे यांच्या प्रती मागून घ्या; तो तुमचा हक्क आहे. कोणत्याही डॉक्टरकडून तपासणी झाली तर तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण होते हे लिहून ठेवा. दावा करण्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे, ती घालवू नका.

भरपाईचा कायदा शंभर वर्षे मजुराच्या बाजूने उभा राहिला आहे, पण डॉक्टरांच्या खोलीचे दार त्याने उघडे ठेवले नाही. राज्य सरकारने नव्या नियमांत ते उघडावे, आणि तोपर्यंत आयुक्तांनी व जिल्हा रुग्णालयांनी आपल्या अधिकारात जेवढे उघडता येईल तेवढे आजपासूनच उघडावे.